लाल की पिवळं

माझ्या स्वयंपाकघरात चुलीच्या डाव्या हाताला एक टेबल आहे, आणि आमच्या तेपाल गावाचा रेडिओ म्हणजे तेवढं टेबल. एक माइक, एक यंत्र, वर खोबणीत बोटींशी बोलायचा वायरलेस, आणि बटाटे सोलायला जागा हवी म्हणून अर्धं टेबल मोकळं. तेपालला रस्ता येत नाही. मागं डोंगर, पुढं खाडी, आणि डोंगरात पसरलेली घरं, जिथं फोन पोचत नाही पण रेडिओ पोचतो. गेली एकोणीस वर्षं दिवसातून तीनदा मी निरोप वाचते. अमक्यानं गुरुवारी धक्क्यावर दोन घोडे घेऊन यावं. तमकीच्या सासूचं ऑपरेशन झालं, जेवतेय. माझ्याशिवाय गावातलं पान हलत नाही, असं माझा नवरा आर्तेमिओ म्हणतो, आणि तो ते कौतुकानं म्हणत नाही.

तीन वर्षांपूर्वी त्याच टेबलावर मी एक नवीन नाद आणून ठेवला. बोटाएवढी काडी असते, मुळात कॉम्प्युटरवर टीव्ही बघायला केलेली. तिला वायर जोडून छपरावर अँटेना लावला की ती विमानांचं बोलणं ऐकते. म्हणजे वैमानिकांचं नव्हे, विमानांचं. प्रत्येक विमानात एक पेटी असते आणि ती सेकंदाला दोनदा ओरडत असते, मी अमुक नंबर, इतक्या उंचीवर, इथं आहे. पडद्यावर नकाशा येतो आणि त्यावर विमानं सरकताना दिसतात. अँटेना मी स्वतः केला, तांब्याच्या नळीचे तुकडे आणि दूध पावडरच्या डब्याचं झाकण. आर्तेमिओ खाली शिडी धरून उभा होता आणि मला विधुर करू नकोस एवढं एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता.

उलिसेसच्या कंपनीची विमानं दोनच. पाच-पाच माणसांची, एक लाल पट्ट्याचं, एक पिवळ्या. लाल आमच्याकडं येतं, उलिसेस स्वतः चालवतो. पिवळं लेआंद्रो चालवतो, ते खाडीपलीकडं आयेन्कोला जातं. नंबर कोण लक्षात ठेवणार? मी त्या नंबरांच्या जागी सरळ नावं टाकली, लाल आणि पिवळं. पूर्वी विमान येणार म्हणून माणसं धावपट्टीवर पावसात दोन-दोन तास भिजत उभी राहायची. आता मी रेडिओवर सांगते, लालनं आखात ओलांडलं, आणि मग लोक चुलीवरची किटली उतरवून आरामात निघतात. आयेन्कोची माणसंही माझंच ऐकतात. मला त्याचा फार तोरा होता. खोटं कशाला सांगू.

त्या आठवड्यात चार दिवस धुकं बसलं होतं. इतकं, की आमचा स्वतःचा धक्का दिसत नव्हता. माझी लेक यास्ना तिकडं पुएर्तो मोंतला अडकली होती. आमच्याकडं दिवस भरत आले की बाईला शहरात पाठवतात, इथं डॉक्टर नाही. ती गेली, बाळंत झाली, मुलगी झाली, आणि नऊ दिवसांची बाळंतीण वसतिगृहाच्या खाटेवर धुकं उठायची वाट बघत बसली. जावई उत्तरेला खाणीत, त्याची पाळी संपायला अजून बारा दिवस. नात मी फोनमध्ये बघितली होती, तीही अडकत अडकत. पाळणा धुऊन पुसून चुलीपाशी ठेवला होता आणि येता-जाता मी उगाच त्याला हलवत होते.

पाचव्या दिवशी सकाळी आभाळ जरा फाटलं. साडेदहाला यास्नाचा फोन आला. म्हणाली, आई, लालमध्ये बसलोय, आम्ही पहिले निघतोय, मागून पिवळं. पिवळ्यात नोल्बेर्तो होता, म्हणजे यास्नाचा धर्मपिता, हर्नियाचं ऑपरेशन करून आयेन्कोला घरी परतत होता. त्याची बायको ओर्फेलिना ही माझी कोमाद्रे, म्हणजे लेकीची धर्ममाता. यास्नाच्या बाप्तिस्म्याला तिनंच तिला हातावर धरलं होतं, तेव्हापासून आम्ही एकमेकींना नावानं हाक मारली नाही, कोमाद्रेच म्हणतो. आमची भांडणंही त्याच नावानं होतात.

मी पडद्यासमोर बसले. जरा वेळानं शहराच्या बाजूनं एक ठिपका उठला. त्यावर लिहिलं होतं, पिवळं. चार मिनिटांनी दुसरा उठला, लाल.

यास्ना तर म्हणाली होती आम्ही पहिले. मी आर्तेमिओला म्हटलं, बघ, तुझ्या लेकीला बाळंतपणात रांगसुद्धा कळेना. तो म्हणाला, तिला कळत असेल, तुझ्या डब्याला कळत नसेल. मी म्हटलं, डबा खोटं बोलत नाही, आयत्या वेळी पिवळ्याला पुढं काढलं असेल. आणि तिथं तो विषय संपला. पोरीनं स्वतः विमानात बसून सांगितलेलं मी मानलं नाही, पडद्यानं सांगितलेलं मानलं. हे मी आज इतक्या शांतपणे सांगतेय.

मी माइक चालू केला. चार दिवस सगळी माणसं खोळंबली होती, सगळे रेडिओला कान लावून बसले असणार. मी सांगितलं की पिवळं निघालंय, मागून लाल निघालंय, आयेन्कोच्या मंडळींनी चहा पिऊन घ्यावा. मग दोन निरोप वाचले, बरा मजकूर होता, एकाची गाय सापडली होती.

दोन्ही ठिपके आखातावरून यायला लागले. लोबेरिआच्या टोकापर्यंत दोघांची वाट एकच. तिथून लाल डावीकडं वळून आमच्याकडं येतं, पिवळं उजवीकडं आयेन्कोला जातं. त्या टोकावर नेहमी अडीच-तीन हजार फूट उंची असते. पुढचा ठिपका टोकाजवळ आला आणि त्याची उंची उतरायला लागली. दोन हजार चारशे. दोन हजार शंभर. मी निरोप मध्येच सोडला. सोळाशे. त्या जागी कुणी सोळाशेवर येत नाही. तेराशे पन्नास. अकराशे.

आणि मग ठिपका गेला.

पडद्यावर नुसती त्याची शेपटी राहिली आणि टोकाला लिहिलेलं नाव, पिवळं. मी खुर्ची पुढं ओढली. माझी नजर पहिल्यांदा कुठं गेली सांगू? लालकडं. लाल मागं होतं, अडीच हजारावर, सरळ येत होतं. माझ्या छातीतली हवा सुटली आणि तोंडातून निघून गेलं, "देवा, तुझे उपकार. पिवळं आहे."

आर्तेमिओ चुलीपाशी उभा होता. तो आला आणि माइकवरच्या लाल दिव्यावर बोट ठेवलं. दिवा जळत होता.

मी कळ बंद केली. घरात चुलीचा आवाज तेवढा राहिला. खाडीच्या दोन्ही काठांवरच्या प्रत्येक घरानं ते ऐकलं होतं. ओर्फेलिनानं ऐकलं होतं. ती सकाळपासून रेडिओ लावून बसलेली असणार, नवऱ्यासाठी कालवण ठेवून. तिच्या नवऱ्याचं विमान नाहीसं झालंय हे तिला मी सांगितलं, आणि त्याबद्दल देवाचे आभारही मानले. त्याच एका श्वासात.

लाजेनं माझे कान पेटले होते. मी वायरलेस उचलून आयेन्कोला हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली. मग शहरात उलिसेसच्या ऑफिसला फोन लावला, पिवळं दिसेना म्हणून सांगितलं. तिथल्या पोरीनं नौदलाला कळवते म्हटलं. एवढं केलं आणि मी पुन्हा पडद्याकडं वळले. पिवळ्याची काळजी वाटत होती, नोल्बेर्तोचा चेहरा समोर येत होता, सगळं खरं. पण डोळे होते लालवर. ते टोकाशी आलं, तिथं दोन घिरट्या घातल्या. आता डावीकडं वळेल, आता वळेल, असं म्हणत मी टेबलाची कड धरून बसले होते.

ते उजवीकडं वळलं.

आर्तेमिओ म्हणाला, आपल्याकडं धुकं असेल, म्हणून आयेन्कोला उतरवत असेल. मी खिडकीतून बघितलं. आमच्या धावपट्टीवर ऊन पडलं होतं. मेंढ्या चरत होत्या. मी काही बोलले नाही, कारण बोलले असते तर ते खरं झालं असतं. लाल खाली उतरत गेलं आणि आयेन्कोच्या डोंगराआड दिसेनासं झालं, नेहमी पिवळं होतं तसं.

पाच-सहा मिनिटांनी वायरलेस खरखरला. ओर्फेलिनाचा आवाज होता, पण इतका हळू की मी आधी ओळखलाच नाही.

"कोमाद्रे, पिवळं इथं उतरलंय. नोल्बेर्तो माझ्यासमोर उभा आहे. तू बसली आहेस का? बस आधी."

मी बसलेलीच होते.

मग लेआंद्रोनं वायरलेस घेतला. भरभर बोलत होता, मला अर्धंच कळत होतं, अर्धं आर्तेमिओ मला पुन्हा सांगत होता. धुक्याच्या चार दिवसांत दोन्ही विमानांच्या पेट्या वर्षाच्या तपासणीसाठी काढल्या होत्या. मेकॅनिकनं परत बसवताना लालची पेटी पिवळ्यात आणि पिवळ्याची लालमध्ये टाकली असणार. उडायला त्यानं काही बिघडत नाही, पेटी फक्त नंबर ओरडते. बिघडतं ते ऐकणाऱ्याचं. सकाळी पहिलं निघालं ते लालच. यास्ना बरोबर बोलली होती. लेआंद्रोनं मागून येताना उलिसेसचा आवाज ऐकला होता. खाली ढग मिटत चाललाय, इंजिन धड चालत नाही, उतरून बघतो, एवढं बोलला आणि मग डोंगर आड आला. लेआंद्रोनं टोकावर दोन घिरट्या घातल्या, खाली नुसती पांढरी रजई दिसली, आणि त्याच्या टाकीत जास्त तेल नव्हतं.

माझी पोर त्या रजईखाली होती. नऊ दिवसांची नात घेऊन. आणि मी आभार मानून बसले होते.

मला रडायला आलं नाही. मी एकच विचारत होते, किती वाजले, किती वाजले. आर्तेमिओनं माझ्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवले आणि म्हणाला, "ते आकडे मला वाचून दाखव. पहिल्यापासून."

शेपटी अजून पडद्यावर होती. मी वाचले. दोन हजार चारशे, दोन हजार शंभर, एक हजार आठशे पन्नास, सोळाशे, तेराशे पन्नास, अकराशे. आर्तेमिओ तरुणपणी पायलटांबरोबर सामान उतरवायला जायचा. तो म्हणाला, हे पडणं नाही, एकेक पायरी उतरल्यासारखं आहे. माणूस उतरवतोय. तोंड कुठं आहे? मी बघितलं, तोंड किनाऱ्याकडं होतं. आणि हजाराखाली गेलं की टोकाचा डोंगर माझ्या अँटेनाला आडवा येतो, हे मला तीन वर्षं माहीत होतं. ठिपका गेला म्हणजे विमान गेलं असं नव्हे. हे सगळं पडद्यावर पहिल्यापासून लिहिलेलं होतं. पिवळं होतं तोवर मी ते वाचलंच नव्हतं. वीस मिनिटं मी ते वाचलं नव्हतं.

लोबेरिआच्या पोटाशी शिंपल्यांचा एक लांबलचक किनारा आहे. धावपट्ट्या नव्हत्या त्या काळात ओहोटीला तिथं विमानं उतरायची. आर्तेमिओनं भिंतीवरचं भरती-ओहोटीचं कॅलेंडर काढलं. पूर्ण ओहोटी बारा वाजून चाळीस मिनिटांनी. आत्ता बारा वीस. म्हणजे वाळू उघडी होती. पण तीननंतर पाणी आत यायला लागतं, आणि तिथं पाणी चालत येत नाही, धावत येतं. विमानात कुणाचा पाय मोडला असेल, कुणी अडकलं असेल, तर तीनपर्यंतच वेळ होता. नौदलाची बोट चार तासांवर होती. आयेन्कोची लाँच दीड तासावर. ओर्फेलिना मध्येच म्हणाली की लाँच सुटली, नोल्बेर्तोच घेऊन गेलाय. मी म्हटलं, अगं त्याचे टाके. ती म्हणाली, त्याला सांग, मी सांगून बघितलं.

किनारा मोठा, चार किलोमीटरचा, आणि धुक्यात लाँच कुठं लागणार? तिथं माणूस एकच राहतो. सेलेदोनिओबाबा, पंच्याहत्तरीचा, तीन कुत्री आणि कोंबड्या. फोन नाही, वायरलेस नाही, बॅटरीवरचा एक रेडिओ आहे. त्याच्या बॅटऱ्या संपल्यात असा निरोप गेल्या आठवड्यात मीच वाचला होता, येणाऱ्या-जाणाऱ्या लाँचनं त्याला बॅटऱ्या पोचवाव्यात म्हणून. कुणी पोचवल्या की नाही, कुणास ठाऊक. आणि पोचवल्या असल्या तरी तो दुपारच्या निरोपांआधी रेडिओ लावतो का? ज्या बाईनं मघाशी तसं काही बोललेलं सगळ्यांनी ऐकलं, तिचा आवाज ऐकायला नको म्हणून लोकांनी रेडिओ बंद तर केले नसतील?

मी कळ दाबली. दिवा लागला. माझा आवाज माझा नव्हता.

"सेलेदोनिओबाबा, तेपालहून एदेल्मिरा बोलतेय. लाल विमान तुमच्या किनाऱ्यावर उतरलं असेल. माझी मुलगी आहे त्यात, आणि तान्हं बाळ आहे. बाहेर पडा आणि शोधा. सापडलं तर एक जाळ करा, मोठा, धुराचा. सगळे जिवंत असतील तर शेजारी दुसरा करा. मी हे वाचत राहणार, थांबणार नाही."

आणि मी वाचत राहिले. तोच मजकूर, पुन्हा पुन्हा. किती वेळा ते मोजलं नाही. मध्ये आर्तेमिओनं पाण्याचा ग्लास धरला की एक घोट घ्यायचा आणि पुन्हा सुरू. पहिल्या काही वेळा 'सगळे जिवंत असतील तर' या शब्दांपाशी अडखळत होते. मग त्यांना काही अर्थच उरला नाही, नुसते ओठ हलत होते. डाव्या हाताला पाळणा होता. तो तिथून हलव असं मला आर्तेमिओला सांगायचं होतं, पण माइक चालू होता.

टोकासमोर समुद्रात सालमन माशांचे तरंगते पिंजरे आहेत. त्यावरच्या कामगारांनीही रेडिओ ऐकला होता. एक वाजून दहा मिनिटांनी त्यांच्यातला एकजण वायरलेसवर आला. म्हणाला, धुकं जरा वर उचललंय, किनाऱ्याच्या दक्षिण टोकाला धूर दिसतोय.

एक की दोन, मी विचारलं.

त्यानं पुन्हा एकदा बघितलं. मग म्हणाला, एक आहे, बाई. एकच.

आर्तेमिओ म्हणाला, दुसरा लागेल, आत्ताच तर सुरू झालंय. मी मान हलवली. विमान सापडलं होतं. म्हातारा तिथं पोचला होता, त्यानं बघितलं होतं, आणि बघून एकच जाळ केला होता. एक वाजून पंधरा. एक वाजून वीस. पिंजऱ्यावरचा माणूस दुर्बीण लावून बसला होता, दर थोड्या वेळानं सांगत होता, अजून एकच. बिचारा ते इतकं अपराध्यासारखं सांगायचा की जणू त्यानंच काही केलंय. मी त्याला ओरडून म्हटलं असतं, नको सांगूस, दिसेल तेव्हाच सांग. पण तो गप्प बसला की ते त्याहून वाईट होतं.

मी निरोप वाचायचं थांबवलं. आता वाचून काय उपयोग होता? मी मनात माणसं मोजायला लागले. उलिसेस, शाळेची नवीन मास्तरीण, कुणी एक सरकारी माणूस, यास्ना, आणि ती. पाचातलं एखादं कमी असेल. कोण कमी असेल हे मला मनात ठरवायचं नव्हतं आणि मी ठरवत होते. मघाशी विमानांचं केलं तसंच आता माणसांचं करत होते. मला स्वतःचा इतका तिटकारा आला की मी तोंडावर हात दाबून धरला.

वायरलेसवर ओर्फेलिना होती. ती गेलीच नव्हती.

"कोमाद्रे, तिथं आहेस ना? मी पण इथंच आहे. बोलू नकोस, नुसती ऐक. नोल्बेर्तोची लाँच टोकाला वळली असं आत्ता कळलंय. बाप्तिस्म्याच्या दिवशी यास्ना किती रडली होती आठवतं ना? पाद्री घाबरला होता. त्या पोरीचा आवाज असा सहजासहजी बंद होणारा नाही."

ती बोलत राहिली. काय काय बोलली, मला सगळं आठवत नाही. तिच्या कालवणाबद्दल बोलली, करपलं म्हणाली. ज्या बाईच्या नवऱ्याच्या मरणाबद्दल मी दीड तासापूर्वी आभार मानले होते, ती मला धरून बसली होती.

एक वाजून सदतीस मिनिटांनी पिंजऱ्यावरचा माणूस ओरडला. त्यानं माझं नाव घेतलं नाही, आकडा सांगितला नाही, नुसता ओरडला. मग म्हणाला, दोन, बाई, दोन आहेत, दुसरा काळा आहे, मोठा आहे.

मी टेबलावर डोकं टेकलं आणि रडले. मोठ्यानं, गळा काढून. आर्तेमिओ माइककडं वळला, बघितलं, आणि या वेळी दिवा बंद करायला त्यानं हात पुढं केला नाही. राहू दे, म्हणाला, हे ऐकू दे त्यांना.

पुढचं मला नंतर कळलं. उलिसेसनं विमान वाळूवर व्यवस्थित टेकवलं होतं, पण पुढचं चाक खड्ड्यात जाऊन नाक वाळूत गेलं. मास्तरणीचं मनगट मोडलं, उलिसेसच्या कपाळाला खोक पडली. सेलेदोनिओबाबाला बॅटऱ्या आदल्याच दिवशी मिळाल्या होत्या. पहिल्या जाळात त्यानं घरातलं सगळं रॉकेल ओतलं, आणि मग दुसऱ्यासाठी काही उरलं नाही. चार दिवसांच्या धुक्यानं सगळी लाकडं ओली. सत्तावीस मिनिटं म्हातारा गुडघ्यावर बसून फुंकत होता. शेवटी त्यानं खुराड्याचं दार उखडून आणलं, डांबर लावलेलं, ते पेटलं. त्या खुराड्याचं दार पुढं मी नवीन करून दिलं, आणि त्यातही त्यानं खोड काढली.

पाच वाजता लाँच आमच्या धक्क्याला लागली. अर्धं गाव उभं होतं. कुणी माझ्याशी बोललं नाही, कुणी नजरही चुकवली नाही, माझ्यासाठी वाट मात्र करून दिली. यास्ना आधी उतरली. केसांत वाळू, पायात कुणाचे तरी गमबूट. मी तिला धरलं, चेहरा चाचपला, हात चाचपले, आणि ती म्हणाली की आई, मी सांगितलं होतं ना आम्ही पहिले आहोत. मी हो म्हटलं.

तिच्यामागून ओर्फेलिना उतरली. परतताना लाँच आयेन्कोला थांबली, तिथून तीही चढली होती. नोल्बेर्तो पोटाला हात धरून आत बसला होता, त्यानं मला नुसता हात केला. ओर्फेलिनाच्या हातात, तिच्याच लोकरीच्या शालीत गुंडाळलेलं, माझं नातवंड होतं.

मी दिवसभर शब्द जुळवले होते. ते सगळे गेले. मी म्हटलं, कोमाद्रे, मघाशी मी जे बोलले ते. आणि पुढं काही येईना.

ओर्फेलिनानं बाळ माझ्या हातावर ठेवलं. मान नीट धरायला लावली, जणू मी कधी लेकरू धरलंच नव्हतं. मग माझ्या कानाशी वाकली.

"नोल्बेर्तो विमानातून उतरला ना, तेव्हा नाहीसं झालं ते लाल, हे मला कळलं होतं. यास्ना त्यात आहे हेही माहीत होतं," ती म्हणाली. "मी पण तेच बोलले, कोमाद्रे. शब्दन् शब्द तेच. माझ्यासमोर माइक नव्हता, एवढंच."